निसर्गोपचाराकडून काय अपेक्षा ठेवावी, काय ठेवू नये

"मॅडम, दहा दिवस निसर्गोपचार केंद्रात जाऊन येऊ का? शुगरच्या गोळ्या सुटतील का हो?"

हा प्रश्न दवाखान्यात नेहमी येतो. काही जण जाण्याआधी विचारतात, काही जण जाऊन आल्यावर सांगतात आणि बरेच जण सांगतच नाहीत. डॉक्टर रागावतील, नाक मुरडतील, असं वाटत असावं. आजचा लेख सगळ्यांसाठी आहे, पण न सांगणाऱ्यांसाठी थोडा जास्त आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. निसर्गोपचार केंद्र ही चांगल्या सवयी लावून घेण्याची उत्तम जागा होऊ शकते. तिथे गेल्याने वजन, शुगर, बीपी, झोप, पोटाच्या तक्रारी यांत खरोखर फरक पडू शकतो. पण तो फरक कशामुळे पडला हे समजून न घेता कुणी गोळ्या बंद केल्या, तर तिथून मिळालेला फायदा व्याजासकट परत जातो. कधीकधी जीवावरही बेततं. म्हणून आधी ही पद्धत काय आहे ते पाहू, मग तिच्याकडून काय मिळतं ते आणि शेवटी काय मागू नये ते.

निसर्गोपचार म्हणजे नक्की काय?

अनेकांना निसर्गोपचार आणि आयुर्वेद एकच वाटतात. तसं नाही. आयुर्वेदात औषधं आहेत: काढे, भस्मं, गुटी, तेलं. भारतातला निसर्गोपचार मुळात बिनऔषधी आहे. पाणी, माती, ऊन, हवा, आहार, उपवास, मालिश, योगासनं आणि विश्रांती एवढीच त्याची सामग्री.

ही पद्धत आपल्या ऋषिमुनींनी सांगितली असंही समजलं जातं. उपवास आणि योग आपलेच आहेत. पण कटिस्नान, ओल्या चादरीचा लपेटा, पोटावर मातीची पट्टी हे उपचार ज्या रूपात आज केंद्रांत दिले जातात ते बरेचसे एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनभाषक मुलखातून आले. प्रिस्निट्झ, क्नाइप, लुई कूने, अॅडॉल्फ जस्ट ही त्यातली मोठी नावं. त्यांच्यापैकी कूने आणि जस्ट यांची पुस्तकं गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना वाचली आणि स्वतःवर प्रयोग सुरू केले. ही पद्धत भारतभर पोचली त्यात गांधीजींचा वाटा फार मोठा आहे.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. पुण्यात ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. गांधीजी तिथे राहत. त्याच जागी, बापू भवनात, १९८६ साली राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था सुरू झाली. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गेले, गावकऱ्यांवर स्वतः उपचार केले आणि तिथला आश्रम उभा राहिला. पुढे मणिभाई देसाईंनी तो सांभाळला. गोरगरिबांना स्वस्तात, गावातच मिळणाऱ्या वस्तूंनी आरोग्य मिळावं, हा त्यामागचा विचार होता. आजच्या काही 'वेलनेस रिसॉर्ट'ची दरपत्रकं पाहिली की हा विचार आठवून हसू येतं.

आता याच इतिहासातली दुसरी गोष्ट. १९२४ च्या जानेवारीत गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. पोटात दुखू लागलं. अपेंडिक्स सुजल्याचं निदान झालं. त्यांना ससून रुग्णालयात हलवलं आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पूर्ण झाली. आधुनिक वैद्यकावर कडक टीका करणारा, मातीच्या पट्टीवर श्रद्धा असणारा हा माणूस त्या रात्री शस्त्रक्रियेला तयार झाला आणि त्यामुळे वाचला. सुजलेल्या अपेंडिक्सवर मातीची पट्टी चालत नाही. निसर्गोपचाराची मर्यादा समजावताना मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

तिथे गेल्यावर काय होतं?

केंद्रागणिक फरक असतो, पण साधारण दिनक्रम सारखा असतो. पहाटे उठायचं. कोमट पाणी. योगासनं, प्राणायाम. मग पोटावर आणि डोळ्यांवर मातीची पट्टी, कधी एनिमा. नंतर मालिश, वाफेची पेटी, कटिस्नान किंवा गरम पाण्यात पाय बुडवून बसणं. जेवणात उकडलेल्या भाज्या, कोशिंबिरी, फळं, सूप, एखादी भाकरी. मीठ, तेल, साखर अगदी कमी किंवा अजिबात नाही. चहा, कॉफी, तंबाखू, दारू बंद. काही दिवस नुसता रसाहार. संध्याकाळी फिरणं, सात वाजता जेवण, नऊ वाजता दिवे बंद.

हा दिनक्रम डोळ्यांसमोर ठेवा आणि मग विचार करा: दहा दिवसांत शुगर का उतरली?

आकडे खरे असतात, कारण वेगळं असतं

परतलेले पेशंट मला फाइल दाखवतात. उपाशीपोटीची शुगर १८० वरून ११० वर, बीपी १५० वरून १२५ वर, वजन चार किलो कमी. हे आकडे खोटे नसतात. म्हणूनच "ते सगळं थोतांड आहे" असं म्हणणाऱ्या डॉक्टरवर पेशंटचा विश्वास बसत नाही. त्याने स्वतः अनुभव घेतलेला असतो.

पण कारण पाहा. घरी रोज दोन हजार कॅलरी खाणारा माणूस तिथे हजाराच्या आत येतो. कमी खाल्लं की यकृतातून रात्री बाहेर पडणारी साखर काही दिवसांतच कमी होते. मीठ जवळपास बंद झालं की बीपी उतरतं. सुरुवातीच्या चार किलोंतला मोठा भाग पाण्याचा असतो, कारण शरीरातली साठवलेली साखर (ग्लायकोजेन) संपताना तिच्यासोबत धरून ठेवलेलं पाणीही निघून जातं. एक किलो चरबी जाळायला सुमारे ७,७०० कॅलरी लागतात. त्यामुळे दहा दिवसांत चार किलो 'चरबी' गेली असं होत नाही.

आधुनिक वैद्यकाने हेच मोजून पाहिलं आहे. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाचा अभ्यास झाला. टाईप २ मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला. वर्षाच्या शेवटी ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन घटवलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. दोन वर्षांनी मात्र ४६ चे ३६ टक्के झाले. वजन परत वाढलं की मधुमेहही परत येतो.

बीपीबाबत अमेरिकेतला 'डॅश' आहाराचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. भाज्या, फळं, कमी चरबीचं दूध भरपूर असलेल्या आहाराने बीपी असलेल्या लोकांचं वरचं बीपी सरासरी ११ पॉइंटने उतरलं. हा परिणाम एका गोळीइतका आहे. आणि आपल्याकडे चेन्नईला झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहार आणि व्यायामाचा सल्ला नियमित दिला, तेव्हा तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं.

म्हणजे निसर्गोपचार केंद्रात जे गुण येतात त्यांचं श्रेय मुख्यतः कमी खाणं, कमी मीठ, चालणं, झोप आणि तंबाखू-दारूपासून सुट्टी यांना जातं. मातीच्या पट्टीने थंड, बरं वाटतं. मालिशने स्नायू सैल होतात. गुडघेदुखीवर मातीच्या लेपाचे काही छोटे अभ्यास आहेत, त्यात थोडा, काही काळापुरता आराम दिसतो. यात वाईट काहीच नाही. आराम हीसुद्धा उपचाराची गरज आहे. फक्त कोणत्या उपचाराने काय झालं याचा हिशोब डोक्यात पक्का ठेवा, म्हणजे घरी परतल्यावर काय चालू ठेवायचं ते कळेल.

'टॉक्सिन' बाहेर पडतात का?

हा शब्द तुम्हाला तिथे दिवसातून दहा वेळा ऐकू येईल. घामातून टॉक्सिन, एनिमातून टॉक्सिन, रसाहाराने टॉक्सिन. कोणतं टॉक्सिन, रक्तात किती होतं, उपचारानंतर किती राहिलं, असं विचारा. उत्तर मिळणार नाही, कारण ते कुणी मोजलेलं नसतं.

तुमच्या शरीरात हे काम करणारे अवयव आहेत. दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात आणि दीड लिटरच्या आसपास लघवी बनते. यकृत औषधं, दारू, अमोनिया यांचं रूपांतर करून बाहेर टाकायच्या लायकीचं करतं. घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असतं. मोठ्या आतड्यात मळ साठून विष तयार होतं ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरही मानत, पुढे ती टिकली नाही.

याच्या जोडीला आणखी एक शब्द येतो: 'शुद्धीकरणाची लक्षणं'. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी डोकं दुखू लागलं, मळमळलं, थकवा आला की सांगतात, रोग बाहेर पडतोय, सहन करा. दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी बऱ्याचदा चहा-कॉफी अचानक बंद केल्याची असते. तोंडाला वेगळा वास येतो तो चरबी जळताना तयार होणाऱ्या कीटोनचा. एवढ्यापुरतं ठीक आहे. पण छातीत दुखणं, धाप लागणं, दरदरून घाम, बडबड किंवा गोंधळ उडणं, सारख्या उलट्या, लघवी खूप कमी होणं, चक्कर येऊन पडणं, ही कधीही 'शुद्धीकरणाची' लक्षणं नसतात. अशा वेळी सहन करू नका. लगेच रुग्णालय गाठा.

खरा धोका कुठे आहे?

मातीने आणि कोशिंबिरीने क्वचितच कुणाचं नुकसान होतं. नुकसान तीन ठिकाणी होतं.

पहिलं, औषधांचं गणित. समजा तुम्ही ५८ वर्षांचे आहात आणि रोज सकाळी ग्लिमेपिराईडची गोळी घेता. ही गोळी तुमच्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे तिला कळत नाही. केंद्रात गोळी तशीच चालू ठेवून रसाहार सुरू केला, तर शुगर ५० पर्यंत उतरून तुम्ही बेशुद्ध पडू शकता. उलट सगळ्याच गोळ्या पहिल्या दिवशी बंद केल्या, तर घरी परतून नेहमीचं जेवण सुरू झाल्यावर शुगर तीनशेच्या वर जाते आणि दोन महिने ते कुणाच्या लक्षातही येत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्यांवर असताना लांब उपवास केला, तर शुगर फार न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. त्याचं निदान चटकन होत नाही. म्हणून उपवासाआधी या गोळ्यांबद्दल डॉक्टरशी बोलावंच लागतं.

काही औषधं मात्र कुणाच्याही सांगण्यावरून अचानक बंद करायची नाहीत. टाईप १ मधुमेहातलं इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, रोज घेत असलेले स्टिरॉइड, थायरॉइडची गोळी, हृदयात स्टेंट टाकल्यावरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, क्षयरोगाची औषधं, मानसिक आजाराची औषधं. मेटोप्रोलॉलसारखी बीपीची गोळी अचानक सोडली तर बीपी आणि नाडी उसळी मारू शकते. वॉरफरीन घेणाऱ्यांनी एकदम पालकाचा रस सुरू केला तर गोळीचा परिणाम कमी होतो, कारण पालकात व्हिटॅमिन के भरपूर असतं.

दुसरं, 'नैसर्गिक आहे, म्हणजे सुरक्षित आहे' हा समज. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या, क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाला नारळपाणी आणि फळांचे रस भरपूर दिले तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. पालकाचे रस महिनोन् महिने प्यायल्याने त्यातल्या ऑक्झॅलेटने मूत्रपिंडं बिघडल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आणि दुधी! २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं. रस प्यायल्यावर थोड्याच वेळात जोरदार उलट्या, जुलाब, कधी रक्ताची उलटी, बीपी उतरणं असा प्रकार होतो. त्यामुळे दुधीचा तुकडा आधी चाखून पाहा. कडू लागला तर फेकून द्या. "औषध कडूच असतं" म्हणून तो घोट घेऊ नका.

मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्यांनी गरम पाण्यात पाय घालू नयेत. चटका बसलेला कळत नाही, दुसऱ्या दिवशी फोड दिसतो आणि तिथून जखम चिघळते.

तिसरं आणि सर्वांत मोठं नुकसान वेळेचं. २०१८ साली अमेरिकेतल्या कर्करोग संशोधन नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बरा होऊ शकणारा, न पसरलेला कर्करोग असूनही नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणारे लोक त्यात होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा मृत्यूचा धोका अडीचपट होता. स्तनाच्या कर्करोगात तो पाचपटीहून जास्त होता. स्तनातली गाठ तीन महिने मातीच्या पट्टीखाली ठेवली, तर गाठ तिथेच थांबत नाही. ती काखेत जाते, फुप्फुसात जाते. आधी एका शस्त्रक्रियेत सुटला असता तो प्रश्न मग सुटण्यापलीकडे जातो. या विषयावर मी गोड बोलू शकत नाही, माफ करा.

कुणी जावं, कुणी आधी विचारावं

वजन जास्त आहे, मधुमेह नुकताच सुरू झाला आहे किंवा उंबरठ्यावर आहे, बीपी थोडं वाढलेलं आहे, बद्धकोष्ठ, अॅसिडिटी, झोप न लागणं, ताण, कंबरदुखी, सुरुवातीची गुडघेदुखी, अशा लोकांना फायदा होण्याची चांगली शक्यता आहे. तंबाखू किंवा दारू सोडायची आहे आणि घरी जमत नाही, त्यांनाही जागा बदलल्याचा उपयोग होतो. पण रोज दारू पिणाऱ्याने ती एकदम थांबवली तर हात थरथरणं, फिट, भ्रम होऊ शकतो, त्यामुळे तिथेही आधी डॉक्टर.

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आया, टाईप १ मधुमेह, इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार, अलीकडे झालेला हार्ट अटॅक, हृदयाचं पंपिंग कमी असलेले, फिट येणारे, कर्करोगावर उपचार चालू असलेले, वजन फार कमी असलेले वृद्ध आणि लहान मुलं यांनी उपवास, वाफ, एनिमा यांपैकी काहीही आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये.

केंद्र निवडताना विचारायचे प्रश्न

एक: उपचार कोण करणार? निसर्गोपचार आणि योगाची बीएनवायएस ही साडेपाच वर्षांची पदवी आहे. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, निदान शिकवतात. ती घेतलेला डॉक्टर आणि पंधरा दिवसांचं शिबिर करून 'निसर्गोपचारतज्ज्ञ' अशी पाटी लावणारा माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्यासाठी २०२० साली केंद्राने आयोगाचा कायदा केला, त्यात निसर्गोपचार नव्हता. त्यामुळे पदवीची चौकशी तुम्हालाच करावी लागते. पाहुणचारासाठी नाही, तब्येतीसाठी जाताय, तेव्हा विचारायला लाजू नका.

दोन: माझ्या औषधांचं काय करणार? "सगळी पहिल्या दिवशी बंद" असं उत्तर आलं तर बॅग उघडूच नका. "तुमच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा, रोज शुगर-बीपी मोजू आणि त्यांच्याशी बोलून डोस ठरवू" हे बरोबर उत्तर आहे. असं उत्तर देणारी केंद्रं आहेत.

तीन: रात्री दोन वाजता मला काही झालं तर? जवळचं रुग्णालय कोणतं, गाडी आहे का, शुगर मोजायचं यंत्र आहे का?

चार: कोणते आजार तुम्ही घेत नाही? या प्रश्नाला जो "आम्ही सगळेच बरे करतो" म्हणतो, त्याला नमस्कार करून परत या. मधुमेह, कर्करोग, फिट असे आजार बरे करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंतीवर तशी पाटी दिसली की ती पाटीच तुम्हाला त्या जागेबद्दल पुरेसं सांगते.

ज्यांची मुलं अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. तिकडे 'नॅचरोपॅथ' म्हणजे आपल्यासारखा बिनऔषधी उपचार करणारा नव्हे. तिथले नॅचरोपॅथ वनौषधी, पूरक गोळ्या, होमिओपॅथीही देतात आणि त्यांना परवाना देण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. मुलीने तिकडून पाठवलेल्या डब्या 'नैसर्गिक' म्हणून सुरू करू नका. डबी घेऊन आपल्या डॉक्टरकडे या.

लोक तिकडे का जातात, हेही बोलू

आमच्याकडे ओपीडीत तुम्हाला किती वेळ मिळतो? पाच मिनिटं. त्यात रिपोर्ट पाहायचा, बीपी मोजायचं, चिठ्ठी लिहायची. "गोड कमी करा, व्यायाम करा" हे वाक्य दरवाजाशी पोचेपर्यंत ऐकू येतं. भाकरी किती, भात किती, उपवासाला साबुदाणा चालेल का, रात्रपाळी असेल तर काय, हे कुणी सांगत नाही. केंद्रात तुम्हाला कुणीतरी रोज अर्धा तास देतं, ताटात काय वाढायचं ते दाखवतं, सोबत चालायला जातं. तिथे माणसाला कुणीतरी आपल्याकडे पाहतंय असं वाटतं. आहार आणि व्यायाम हा उपचाराचा पहिला टप्पा आहे असं आमच्याही पुस्तकात लिहिलेलं आहे. तो टप्पा आमच्या व्यवसायाने मोकळा सोडला आणि तिथे दुसरं कुणी येऊन उभं राहिलं, तर त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून डॉक्टरांनी टोमणे मारणं थांबवावं, असं मला वाटतं. टोमणा ऐकलेला पेशंट जायचं थांबत नाही, फक्त सांगायचं थांबवतो. आणि न सांगता गेलेल्या पेशंटच्या गोळीचा डोस कुणीच बदलत नाही.

घरी आल्यावर

दहाव्या दिवशीचा शुगरचा आकडा फ्रेम करून ठेवू नका. तो त्या दहा दिवसांचा आहे. तीन महिन्यांनी एचबीए१सी करा. २०२१ साली ठरलेल्या व्याख्येनुसार, गोळ्या बंद केल्यावर किमान तीन महिन्यांनीही एचबीए१सी ६.५ च्या खाली असेल तर मधुमेह 'रेमिशन'मध्ये आहे असं म्हणतात. 'बरा झाला' असं तेव्हाही म्हणत नाहीत. दर वर्षी तपासणी, डोळ्यांचा पडदा, पाय, लघवीतली प्रथिनं हे चालूच ठेवायचं.

केंद्रातल्या चार गोष्टी घरी आणा. रात्रीचं जेवण सात-साडेसातला. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग उसळ किंवा डाळ, उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. मीठ दिवसाला एका माणसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा, त्यात लोणचं, पापड, फरसाणही धरायचं. आठवड्यात किमान दीडशे मिनिटं भरभर चालणं. झोप सात तास. उपवास करायचाच असेल तर 'एकादशी दुप्पट खाशी' नको. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाऊन शुगर उतरत नाही, चढते.

याला वाफेची पेटी लागत नाही, माती लागत नाही, पैसेही फारसे लागत नाहीत. मालिश आवडलं असेल तर जरूर करून घ्या, छान वाटतं.

आणि जायचं ठरलं असेल, तर निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरकडे जा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ताजे रिपोर्ट सोबत न्या. कोणती गोळी अर्धी करायची, कोणती थांबवायची, कोणतीला हात लावायचा नाही, हे कागदावर लिहून घ्या. तो कागद केंद्रातल्या डॉक्टरला दाखवा. परत आल्यावर दोन आठवड्यांत पुन्हा भेटा. डॉक्टरने कपाळाला आठ्या घातल्या तरी चालतील, पण सांगा. तुमच्या शुगरची आणि गोळीची गाठ पडते तेव्हा दोन्हीकडची माहिती असलेला एक तरी माणूस मध्ये असायला हवा.